कवटी आणि गोड गळा

कन्येने कवटीचे चित्र असलेला काळा टी-शर्ट आणला, त्या दिवशी आमच्या घरात सुतक आल्यासारखे झाले. तो तुळशीसमोर वाळत घालायला सौ.नी साफ नकार दिला. मी पडलो बँकेतला कारकून. सही पडताळल्याशिवाय चेक पुढे सरकवत नाही. तेव्हा या ‘हेवी मेटल’ नामक प्रकाराची रीतसर चौकशी करायचे ठरवले.

चौकशी माझ्याआधी अमेरिकेच्या सिनेट समितीने १९८५ सालीच करून ठेवली होती. सिनेटर गोर यांच्या पत्नी टिपरबाई आणि त्यांच्या मैत्रिणींनी पंधरा आक्षेपार्ह गाण्यांची यादी केली होती. म्हटले, सगळे कवटीवालेच असणार. पाहतो तो ज्युडास प्रीस्ट आणि ब्लॅक सॅबथच्या पंगतीला प्रिन्स, मॅडोना आणि सिंडी लॉपर! म्हणजे ओव्हरड्राफ्ट दोन्ही खात्यांवर. एकाचे पासबुक तेवढे गुलाबी. त्यातून डी स्नायडर या झिपऱ्या गायकाने समितीपुढे सांगितले, की आपल्या ज्या गाण्यात बाईंना छळवाद दिसला, ते शस्त्रक्रियेच्या भीतीवर आहे.

“बाबा, तुम्ही ऐकलंत तरी का?” कन्येने विचारले.

ऐकले. ब्लॅक सॅबथचे १९७० मधले ‘वॉर पिग्ज’. कान तासभर वाजत होते. पण अर्थ विचारला तर काय, दुसऱ्यांची पोरे लढाईवर धाडून स्वतः घरी बसणाऱ्यांचा उद्धार! हे काम आमचे आजोबा ओसरीवर बसून करत, तेही गिटारशिवाय.

“आणि तुमचं आवडतं?”

माझे आवडते म्हणजे ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’. १९८३ साली अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या नंबरावर होते. दाढी करताना मी तेच गुणगुणतो. भाच्याच्या रिसेप्शनला खास फर्माईश करून वाजवून घेतले होते.

“अहो, ते प्रेमाचं गाणं नाहीये. सोडून गेलेल्या बाईवर पाळत ठेवणारा माणूस आहे तो. लिहिणारा स्टिंगच सांगतो तसं.”

भाच्याचा संसार सुरळीत चालला आहे, हे त्याचे नशीब.

मग काळोख गाण्यात असतो की ऐकणाऱ्यात? बाईंना शस्त्रक्रियेत छळ दिसला, मला पाळतीत प्रेम! कवटी निदान पाटी लावून येते. गोड चालीतला काळोख पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो आणि मुक्काम ठोकतो.

माझ्याकडे तो बरीच वर्षे राहत असावा. कन्येला क्लासहून दहा मिनिटे उशीर झाला, की मी तीन फोन करतो. ती कुठे आहे हे मोबाईलवर दिसावे, ही सोयही मीच करून घेतली आहे. याला मी आजवर काळजी म्हणत आलो. काळजी आहेच, पण चालही गोडच आहे.

काल तिला पुन्हा उशीर झाला. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. गॅलरीत जाऊन तो काळा टी-शर्ट तुळशीसमोर वाळत घातला. कवटी हसत होती. मलाच, बहुधा.