वाटणी न झालेले घर

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चा प्रयोग सुटला की नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर एक वाक्य हमखास कानावर पडते. आमचाही गावी असाच वाडा होता. मग ओसरी निघते, माजघर निघते, उन्हाळ्याच्या सुट्टीत जमणारी पोरे निघतात आणि ‘आता ते दिवस राहिले नाहीत’ या उसाशावर बोलणे थांबते. परीक्षणांची भाषा जरा जड असते, उसासा तोच: एकत्र कुटुंबपद्धतीच्या ऱ्हासाची शोककथा. विजया मेहतांनी ‘कलावैभव’साठी हे नाटक १९८५ मध्ये बसवले. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ‘आविष्कार’तर्फे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ त्याला जोडून सुमारे नऊ तासांची नाट्यत्रयी उभी केली. दहाएक वर्षांपूर्वी त्यांनीच ‘वाडा’ पुन्हा व्यावसायिक रंगभूमीवर आणला. दर वेळी कौतुक वाढले आणि कौतुकातला मजकूर पातळ होत गेला.

बाकीची मते फार वेळ खात नाहीत. ‘मराठीतला चेखव्ह’ हे निरुपद्रवी कौतुक आहे. ‘नाटक आता जुने झाले’ असे वाटणाऱ्यांनी आपल्या तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात एक सकाळ बसून यावे. ‘हे तर वऱ्हाडातल्या ब्राह्मण जमीनदारांचे दुखणे’ हा आक्षेप खराच आहे, आणि नाटकाला तो प्रेक्षकाच्या आधी ठाऊक आहे. शोककथेचे मत मात्र असे एका ओळीत सोडून देता येत नाही. ते प्रेमाने मांडले जाते, हुशार माणसे मांडतात, आणि त्याने नाटक जवळजवळ झाकून जाते.

शोक करायचा तर काहीतरी चांगले होते आणि ते गेले, हे आधी धरून चालावे लागते. नाटकातल्या धरणगावच्या देशपांड्यांकडे ते चांगले नेमके कुठे होते? घरचे कर्ते तात्याजी पडदा उघडण्याआधीच गेलेले आहेत. त्यांच्या हयातीत घरात सुख नांदत होते आणि शहराने ते ओरबाडून नेले, असा पुरावा एलकुंचवार कुठेच देत नाहीत. त्यांच्या मुलीला, प्रभाला, शिकायचे होते. तिला शिकू दिले नाही, ते तात्याजींनीच. चंदू या घरचा मुलगा, पण राबतो गड्यासारखा. अंगणात ट्रॅक्टर नुसता उभा आहे. दादी पुन्हा पुन्हा किती वाजले ते विचारते. हे सगळे वाडा धडधाकट असतानाचे आहे, निदान वाड्याचा मान धडधाकट असतानाचे. नांदते घर मोडल्याची गोष्ट म्हणून नाटक वाचले, तर या माणसांचे झालेले नुकसान पार्श्वभूमी होऊन बसते आणि दगडमातीला नायकपद मिळते.

आणि भांडण कशावरून पेटते? तेराव्याच्या खर्चावरून. देशपांड्यांच्या घरचे तेरावे म्हणजे गावाला जेवण घालायलाच हवे, आणि ते कोणाच्या पैशाने, यावर दोघे भाऊ अडतात. भास्करला वाटते, सुधीर मुंबईत नोकरीला आहे, त्याने सोसावे. सुधीरला वाटते, शेत आणि घर भास्करच्या हातात आहे, त्याने पाहावे. आकडेमोडीपुरते दोघेही बरोबर आहेत, म्हणूनच प्रसंग इतका टोचतो. तिथे प्रेमाचा अभाव शोधणारा समीक्षक भलत्या जागी खणतो. प्रेम थोडेफार आहे. हिशेब कधीच झालेला नाही.

दादर, ठाणे, कोथरूडच्या प्रेक्षकाला हळहळ सोपी जाते, त्याचे एक कारण स्पष्ट बोलायला हवे. तो स्वतः बहुधा सुधीर असतो, नाहीतर सुधीरचा मुलगा. गाव सोडून आलेला, दिवसांपुरता जाणारा, आणि मागे कोण राबते आहे ते पाहून परतीची गाडी पकडणारा. वाड्याबद्दल गहिवरायला त्याला काही मोजावे लागत नाही. वाडा सांभाळण्याचा खर्च प्रभाने आणि चंदूने आधीच भरलेला असतो.

इथे एक भेद करावाच लागतो. चार माणसांनी एका छपराखाली राहणे ही एक गोष्ट. त्यांच्यात वाटणी न होणे ही अगदी दुसरी. इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’त एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तीत एक छप्पर, एक चूल, सामाईक देवधर्म यांच्याबरोबर सामाईक मालमत्ताही आहे. उसासे टाकताना छप्पर आणि चूल लक्षात राहते, मालमत्ता विसरली जाते. शिवाय पूर्वी सगळीकडे मोठी एकत्र कुटुंबे होती आणि आधुनिकतेने ती फोडली, हे चित्रही अभ्यासकांनी कधीच डळमळीत केले आहे. अ. म. शहांनी १९७३ च्या पुस्तकात ते पुरेसे दाखवले. त्यांच्यापेक्षा ‘हम आपके हैं कौन’चा पगडा मोठा ठरला, त्याला इलाज नाही.

‘वाडा’तली माणसे एकत्र राहत नाहीतच. सुधीर केव्हाच बाहेर पडला आहे. उरलेली आहेत ती न झालेल्या वाटणीत अडकलेली. हा अडकाव मनाचा जितका, तितकाच कायद्याचाही होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, मृत्युपत्र न करता वारलेल्या वडिलांच्या हिश्श्यात मुलीला वाटा दिला. पण त्याच कायद्याच्या कलम २३ ने सांगितले की, कुटुंब ज्या घरात राहते त्या घराची वाटणी स्त्री वारसाला मागता येणार नाही, जोवर पुरुष वारस आपापले हिस्से पाडायचे ठरवत नाहीत. अविवाहित मुलीला तिथे राहण्याचा हक्क मात्र होता. म्हणजे १९८५ मधली प्रभा वाड्यात राहू शकते, वाडा मागू शकत नाही. नाटकात कायद्याचा पाठ नाही आणि असायचे कारणही नाही; पण तिच्या कडवटपणाला ‘अविवाहित स्त्रीची घुसमट’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. घुसमटीला पत्ता होता, सातबारा होता.

महाराष्ट्राने जून १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतले जन्मजात हिस्सेदार, केले. त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. नाट्यत्रयीही त्याच वर्षीची. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून भविष्यवाणी काढू नये. कलम २३ तर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेले, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर वीस वर्षांनी.

दागिन्यांचा प्रसंग या नजरेने पाहण्यासारखा आहे. रात्री भास्कर घराण्याचे दागिने काढतो आणि त्याची बायको, घरची वहिनी, ते अंगावर घालते. पुनरुज्जीवित प्रयोगात वैभव मांगले आणि निवेदिता सराफ यांनी तो केला आणि त्याची वाहवा ‘गतवैभवाचे दर्शन’ म्हणून झाली. वहिनीला मात्र त्या घटकेपुरते मिळते ते वैभव कमी आणि ताबा अधिक. आयुष्यभर सगळ्यांच्या असलेल्या, म्हणून कोणाच्याच नसलेल्या वस्तू एका रात्रीपुरत्या तिच्या होतात, त्याही दार लावून. पुढे त्यांची मुलगी रंजू तेच दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर मुंबईला पळते. तिला सिनेमावेडी, उथळ पोर म्हणून हसले जाते आणि ती तशी आहेही. पण वाटणीची वाट न पाहता हात घालणारी त्या घरात ती एकटीच. गंमत अशी की ती आपला वाटा उचलत नाही, सगळ्यांचाच उचलते.

शोककथेच्या मताला नाट्यत्रयीचा दुसरा भाग तर अजिबात मानवत नाही. ‘मग्न तळ्याकाठी’त भास्करचा मुलगा पराग याच्या हाती पैसा येतो, वाड्याला पुन्हा तजेला येतो. वाडा ढासळणे हेच दुःख असते, तर ते इथे मिटायला हवे होते. ते मिटत नाही. पैसा कुठून आला आणि कोणाला विचारून, हे प्रश्न पुन्हा सामाईक अंधारातच राहतात. पहिल्या नाटकावर भरभरून लिहिणारे या भागापाशी एकदम त्रोटक होतात, ते उगाच नाही.

चंद्रकांत कुलकर्णींच्या प्रयोगाला दोष देण्याचे कारण नाही. वऱ्हाडी बोलीचा खरखरीतपणा त्यात शाबूत होता आणि हसण्याच्या जागा बोचऱ्याच राहिल्या. कमी पडले ते पाहणारे आणि लिहिणारे. हे नाटक पुन्हा येईल, यायलाही हवे. तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्यांनी नेपथ्यातल्या खांबांचे आणि महिरपींचे कौतुक दोन ओळींत आटपावे, आणि प्रभाच्या वाट्याला काय आले, तेवढे मात्र न विसरता लिहावे.