यंत्राचे तोंड कुणाकडे?

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची लाटच राज्यात आली. गावोगावी लोकवर्गणी जमली, शिक्षकांनी पदरचे पैसे घातले, प्रोजेक्टर आले, मग टीव्ही आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे ही कल्पना बालभारतीच्या पुस्तकांतून राज्यभर गेली आणि २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा पुरस्कार डिसले यांना मिळाला. सरकारी शाळेतला शिक्षक स्वतःच्या हिमतीवर इतके करू शकतो, याचा अभिमान वाटायलाच हवा. मात्र या सगळ्या काळात यशाची खूण म्हणून एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली गेली, ती म्हणजे मुले रमतात. हे माप मला अपुरे वाटते. मूल पडद्याकडे टक लावून बघते आहे एवढ्यावरून त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते कळत नाही. वर्गात आणलेले साधन मुलांना किती दाखवते यापेक्षा मुलांच्या मनातले शिक्षकाला किती दाखवते, यावर त्याची किंमत ठरायला हवी.

रमणे आणि शिकणे या दोहोंत अंतर पडते, याला चांगला पुरावा आहे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच भाग काहींना ओघवत्या व्याख्यानातून शिकवला, तर काहींना गटात बसून उदाहरणे सोडवायला लावून. आपण जास्त शिकलो असे व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले. चाचणीत उदाहरणांशी झटलेले पुढे निघाले. डोके चालवताना अडखळायला होते आणि अडखळणाऱ्याला आपण मागे पडतोय असे वाटते. सफाईदार व्हिडिओही ओघवत्या व्याख्यानासारखाच असतो. त्यात कुठेच अडखळायला होत नाही, म्हणून सगळे समजल्यासारखे वाटते. त्याच विद्यापीठातले एरिक मझूर १९९१ पासून वेगळ्या रीतीने शिकवत आले. आधी एक प्रश्न, प्रत्येकाने आपापले उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. उत्तरे टिपणारी छोटी यंत्रे या रीतीबरोबर जगभर पसरली.

आपल्याकडच्या वर्गात हे कसे घडू शकते ते पाहू. 'प्लिकर्स' नावाच्या साधनात मुलांच्या हातात फक्त छापील कागद असतो. प्रत्येकाच्या कागदावर काळ्या चौकटींची वेगळी आकृती असते आणि तिच्या चार कडांना चार पर्यायांची अक्षरे असतात. ज्या पर्यायाचे उत्तर द्यायचे ती कड वर धरायची. अक्षरे इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला वाचता येत नाहीत. शिक्षिका आपला एकच फोन वर्गावरून फिरवते आणि कुणी काय उत्तर दिले ते तिला तिथेच दिसते. आता प्रश्न असा घ्या : ३.४ मोठी की ३.१२? बारा हे चारापेक्षा मोठे, म्हणून ३.१२ मोठी असे मानणारी मुले कुठल्याही शाळेत भेटतात. एरवी अशा वेळी हात वर करतात ती येणारी चार मुले. उत्तर बरोबर येते आणि तास पुढे सरकतो. इथे मात्र अर्धा वर्ग दशांश चिन्हानंतरची संख्या पूर्णांकासारखी वाचतो आहे, हे शिक्षिकेला त्याच मिनिटाला कळते. पुढची दहा मिनिटे कशावर घालवायची ते ती तेव्हाच ठरवू शकते, आणि चुकलेल्या मुलाला चारचौघांत लाजावेही लागत नाही.

हे काम पाटीवरही होते, मग यंत्र कशाला, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, आणि पुरावाही बराचसा त्याच्याच बाजूने आहे. मझूर यांच्या पद्धतीत उत्तरे टिपणारी यंत्रे वापरली काय आणि साधी पुठ्ठ्याची कार्डे वापरली काय, शिकण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत दिसले होते. परिणाम प्रश्नाचा आणि चर्चेचा होता. फोनमुळे नोंद राहते, कोणते मूल कोणत्या घटकात सतत अडते ते महिन्याभराने पाहता येते. एवढी सोय मोलाची आहे, पण ती दुय्यम आहे. ज्या शाळेत पाट्या आहेत आणि नेट नाही, तिने स्वतःला मागास समजण्याचे काहीच कारण नाही.

काही ठिकाणी दाखवण्याचेच मोल असते, हेही मान्य करायला हवे. बल्बमधून जाताना विद्युतधारा 'खर्च' होते, असे पुष्कळ मुलांना वाटते. खऱ्या तारेत काहीच दिसत नसल्यामुळे हा समज टिकून राहतो. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाच्या आभासी मंडलात विद्युतभार ठिपक्यांच्या रूपात सरकताना दिसतात आणि बल्बच्या अलीकडे-पलीकडे त्यांचा वेग सारखाच असतो. अशा आभासी साहित्यावर शिकलेले विद्यार्थी पुढे खरे मंडल जोडण्यातही सरस ठरले, असे २००५ च्या एका अभ्यासात आढळले. पण तिथेही तारा जोडतो तो विद्यार्थीच. शिक्षकाने पडद्यावर तेच करून दाखवले आणि मुलांनी नुसते पाहिले, तर पुन्हा व्हिडिओच झाला.

साधन शिक्षकाच्या जागी बसवले की काय होते, याची नोंद गुजरातेत आहे. एका स्वयंसेवी संस्थेच्या शाळांमध्ये संगणकावरचा गणिताचा सराव शिक्षिकेच्या तासाच्या ऐवजी दिला तेव्हा मुले मागे पडली. तोच सराव शाळेच्या वेळेबाहेर, तासाला जोड म्हणून दिला तेव्हा मुलांना फायदा झाला. दिल्लीतल्या 'माइंडस्पार्क' केंद्रांच्या अभ्यासात सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचे दिसले. तिथल्या संगणकाने प्रत्येक मूल खरोखर कुठे आहे ते ओळखून तिथूनच सुरुवात केली, निम्मा वेळ माणसाने छोट्या गटाला शिकवण्यात गेला, आणि साडेचार महिन्यांत गणित व हिंदी दोन्हींत ठळक प्रगती झाली. सहावीचा धडा कितीही देखण्या चित्रफितीतून दाखवला, तरी तिसरी-चौथीत अडकलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग?

सगळ्यात खरा आक्षेप शिक्षकांचा आहे. द्विशिक्षकी शाळा, एकाच खोलीत दोन इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा. त्यात चांगले प्रश्न तयार करायला वेळ कुठून आणायचा? हा आक्षेप खोडून काढता येत नाही, त्यावर व्यवस्थाच केली पाहिजे. चांगला प्रश्न बनवणे सर्वांत अवघड असते, कारण त्याचा प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजातून यावा लागतो. हे काम प्रत्येक शिक्षकावर न लादता एकदाच नीट करून मराठीत सर्वांना देता येईल. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आहेतच. तो उघडल्यावर दर घटकाला चार-पाच असे प्रश्न मिळावेत, आणि मुलाने अमुक चुकीचा पर्याय निवडला तर त्याचा गैरसमज कोणता व त्याला पुढे काय विचारावे, हे दोन ओळींत शिक्षकासाठी लिहिलेले असावे. पुढच्या टीव्ही खरेदीआधी त्यातला थोडा पैसा या कामाला लावावा आणि प्रश्न लिहायला वर्गात शिकवणारे शिक्षक बोलवावेत; कोणता गैरसमज कुठे दडलेला असतो, ते त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.