चार आठवड्यांची माया

दूर देशी जाऊन तेथील गरीब मुलांच्या शाळेत अथवा बालगृहात काही दिवस विनावेतन सेवा करावी, अशी इच्छा अलीकडे पुष्कळ तरुणांस होते. असे परदेशी तरुण आपल्याकडे येतात, आणि आपल्यातील शिकलेली मुलेमुलीही आता अशा सेवेसाठी बाहेर जाण्याचा विचार करू लागली आहेत. ही इच्छा उत्तम आहे ह्यात संशय नाही. परंतु उत्तम इच्छेतून नेहमी उत्तमच फळ निघते काय? ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, असे मला काही दिवसांपासून वाटत आहे. त्याचे कारण सांगतो.

आमच्या भागातील एका वसतिगृहात काही वर्षांपूर्वी दोन परदेशी पाहुणे चार आठवड्यांसाठी आले होते. त्यांनी मुलांस गाणी शिकवली, त्यांच्याबरोबर खेळ खेळले आणि भिंतीही रंगवल्या. तेथे सहा वर्षांची एक मुलगी होती. ती त्यांच्यापैकी एका बाईस इतकी बिलगली की, तिच्या हातूनच घास घेई. निरोपाच्या दिवशी हार घालण्याचे व आभार मानण्याचे काम माझ्याकडे होते, आणि मी ते मोठ्या आनंदाने केले. पुढे तीन दिवस ती मुलगी फाटकाशी बसून राहिली. त्या वेळी आम्ही तिकडे फारसे लक्ष दिले नाही. दुसऱ्या वर्षी नवे पाहुणे आले तेव्हा ती धावत जाऊन पहिल्या दिसलेल्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडली. "किती प्रेमळ पोर!" असे सर्व म्हणाले, मीही म्हणालो. जे पोर कोणाच्याही गळ्यात पडते, त्याला आपले असे कोणी उरलेले नसते, ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली.

येथे कोणी म्हणेल, "मुळीच माया न मिळण्यापेक्षा चार आठवड्यांची मिळाली तर काय वाईट? तहानेल्याला ओंजळभर पाणीही पुरते." पाण्याविषयी हे खरे आहे; धान्याविषयी व औषधाविषयीही खरे आहे. परंतु माया ही देऊन मोकळे होण्याची वस्तू नव्हे, ते नाते आहे. विहिरीत पडलेल्याकडे अर्ध्यापर्यंत पोहोचणारा दोर सोडला, तर वरच्याला मदत केल्याचे समाधान मिळते, पण खालच्याचा हात रिकामाच राहतो. शिवाय आशेने हात वर करकरून त्याची शक्तीही जाते.

दुसरी गोष्ट अशी की, बालगृहातील प्रत्येक मूल अनाथ असते असे नाही. पुष्कळांचे आईबाप किंवा त्यांपैकी एक जण जिवंत असतो. दारिद्र्यामुळे मूल घराबाहेर पडलेले असते. काही देशांत तर पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून मुले घरातून आणून बालगृहे भरली गेली. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अशा प्रकारांविरुद्ध ठराव केला. आपल्या देशाचा 2015 चा बालन्याय कायदाही हेच तत्त्व सांगतो की, मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय असावा.

आपल्या धाराशिव जिल्ह्यास हे सांगण्याची गरज नाही. दसरा-दिवाळी झाली की कळंब, भूम, वाशी, परंडा ह्या भागांतील कित्येक घरांना कुलुपे लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते; नवराबायकोचा एक कोयता टोळीबरोबर कारखान्यावर जातो. मूल बरोबर नेले तर शाळा बुडते आणि कोपीत थंडी खावी लागते. मागे ठेवले तर आजी, नाही तर हंगामी वसतिगृह. अशा मुलाला नव्या आईची गरज नाही. त्याची आई आहे. ती उसाच्या फडात आहे. ती परत येईपर्यंत त्याचे जेवण, त्याची शाळा आणि तिची आठवण सांभाळणारा कोणीतरी हवा.

मग दूर देशी जाऊच नये काय? मी असे म्हणत नाही. सिंथिया फॅरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई 1827 साली मुंबईस आली. मुलींना शिकवणे लोकांस विपरीत वाटे, त्या काळी तिने मुंबईत व पुढे अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 साली ती अहमदनगर येथेच वारली. तिची शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांच्या मनात विचार आला, आणि 1848 साली त्यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली. ती परदेशी होती हे खरे. परंतु ती राहिली, आणि तिचे काम येथील माणसांनी आपल्या हाती घेतले. आपण गेल्यावर काम थांबले, तर ती सेवा आपल्यासाठी होती. आपण गेल्यावर ते वाढले, तर ती खरोखर त्यांच्यासाठी होती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने लातूर व आपल्या जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त केली, तेव्हा मदत घेऊन दूरदूरचे लोक आले. त्यांचे उपकार आपण विसरू नयेत. पण गाड्या परत गेल्यावर पोरकी मुले उरलीच होती. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुले पुण्यास नेऊन शिकवली. पन्नालाल सुराणा व राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी आपल्याच जिल्ह्यात नळदुर्ग येथे 'आपलं घर' उभे केले. मोडलेले घर एका महिन्यात उभे राहू शकते; मूल वाढण्यास वर्षे लागतात.

शोमरोनी माणसाचा दाखला आपण पुष्कळदा सांगतो. त्यात एका मनुष्याकडे आपले लक्ष जात नाही, तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी वाटसरू होता. त्याला पुढे जाणे भाग होते. म्हणून त्याने काय केले? जखमा बांधल्या, एक रात्र काढली, आणि जो तेथे राहणार होता त्याच्या हाती पैसे देऊन पुढचा खर्चही पत्करला. आपण वाटसरू आहोत हे त्याने ओळखले होते, हेच त्याचे शहाणपण.

तर जो तरुण परदेशी जाऊ इच्छितो त्याने स्वतःस विचारावे: मी तेथे किती दिवस राहणार? त्यांची भाषा शिकणार काय? माझ्यामुळे तेथील शिक्षकाचे व आयांचे बळ वाढेल, की मुले त्यांना सोडून माझ्याकडे धावतील? दिवस थोडे असतील तर त्याने हिशेब लिहावा, शिक्षकांस शिकवावे, विहीर किंवा छप्पर दुरुस्त करावे; मुलाचे मन मात्र तेथे राहणाऱ्यांकडेच असू द्यावे. आणि आपण गावकऱ्यांनी, विशेषतः उपदेशक बंधूंनी, पाहुण्यांच्या हारांची काळजी करण्याआधी शेजारच्या कुलूप लागलेल्या घरातील मूल आज कोठे जेवले, हे पाहावे. ह्या सेवेस समुद्र ओलांडावा लागत नाही. मात्र तिला निरोपसमारंभही नसतो.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. फाटकाशी ती बसली होती त्या तीन दिवसांत तिच्याजवळ जाऊन बसण्याइतका वेळ मला होता, हे मी जाणतो. म्हणून हे लिहिले.