रस्त्याचा हुद्दा

माणसाला हुद्दा असतो हे मी समजू शकतो. बावीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यावर दुसरं काय समजणार? पण रस्त्यालाही हुद्दा असतो, हे मला ‘ओपनस्ट्रीटमॅप’नं शिकवलं. 2004 साली इंग्लंडात सुरू झालेला हा इंटरनेटवरचा नकाशा सरकार काढत नाही. तुमच्याआमच्यासारखे हौशी लोक काढतात. म्हणजे रस्त्यांच्या बढत्या आमच्या हाती!

हुद्द्यांची नावं विलायती. आपल्याकडे साधारणपणे राष्ट्रीय महामार्ग तो ‘ट्रंक’, राज्य महामार्ग ‘प्रायमरी’, प्रमुख जिल्हा मार्ग ‘सेकंडरी’. फैजपुरात पोरगं प्रायमरीतून सेकंडरीत गेलं की पेढे वाटतात. रस्ता गेला की सुतक!

मग वाद. एक म्हणतो, सरकारी पाटी पाहा. पण पाटीचा भरवसा काय? धुळ्याहून जळगावला जाणारा 6 क्रमांकाचा महामार्ग 2010 सालच्या फेरक्रमांकात 53 झाला. रस्त्याला पत्ताही नाही. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, महामार्गापासून 500 मीटरांत दारूविक्री नको. लगेच 2017 मध्ये आपल्यासकट काही राज्यांत शहरांतले राज्य रस्ते पालिकांकडे वर्ग झाले. रस्ता तसूभर हलला नाही. झिंगायचं दुसऱ्यांनी आणि हुद्दा घसरायचा रस्त्याचा!

दुसरा म्हणतो, रुंदी पाहा. तिसरा म्हणतो, रहदारी पाहा. चौथा बोलत नाही. त्यानं सासुरवाडीचा रस्ता केव्हाच गुपचूप जाड केलेला असतो.

आमच्या गावाला तर अभिमान फार. 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथं भरलं, अध्यक्ष पंडित नेहरू! “नेहरू आले ती वाट ट्रंक नको?” शेजारचे आप्पा विचारतात. मी म्हणतो, “आप्पा, नकाशा म्हणजे सत्कार नव्हे.”

नकाशावरची जाड रेघ हे मानपत्र नाही, वचनचिठ्ठी आहे. केळी भरायला आलेला परप्रांतातला ट्रकवाला रात्री दोन वाजता तिच्या भरवशावर वळतो. त्याला ना नेहरूंची वाट ठाऊक, ना आप्पा. रेघेचा अर्थ लुधियानात एक आणि फैजपुरात दुसरा असेल, तर गल्लीत ट्रक अडकतो; अभिमान घरी झोपलेला असतो. म्हणून नियम थोडा वाकडा असला तरी चालेल, पण आपल्या गावाला आणि परक्या गावाला तोच हवा.

आणि खरेपणा? त्याची सोय आहे. रुंदी किती, डांबर की माती, याला नकाशात वेगळे रकाने आहेत. हुद्दा एका रकान्यात, कुवत दुसऱ्यात.

बँकेत हा दुसरा रकाना नाही, म्हणून पुष्कळांचं निभावतं.