चौथे ऋण

माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, असे आपली परंपरा सांगते : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. शहरात जन्मणाऱ्याच्या माथ्यावर आणखी एक ऋण असते. त्याला शास्त्रकारांनी नाव दिलेले नाही. ते गटाराचे ऋण. सणाच्या दिवसांत हा विषय वाचकांना रुचणार नाही कदाचित. पण दिवाळीपूर्वी घरोघर जी धुणीपुसणी झाली, तिचे पाणी कोठे तरी गेलेच असेल ना?

नागपुरात त्यातले पुष्कळसे नाग नदीत जाते. जिच्यावरून शहराने नाव घेतले, तिचाच आपण नाला केला. भांडेवाडीच्या केंद्रात बरेच सांडपाणी शुद्ध होते, त्यातले काही कोराडीच्या वीज केंद्राला विकलेही जाते, हे खरे. उरलेली घाण मात्र नदीबरोबर कन्हानला, तेथून वैनगंगेला आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात पोचते. तेथे जाळे टाकणाऱ्या ढिवराला नागपुरात मत नाही. नागपूरच्या नळाचे पाणीही त्याने कधी वापरलेले नाही.

म्हणून ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा शहाणपणा येथे पुरा पडत नाही. कर्ज न काढणारे शहर ऋणमुक्त नसते. त्याचे सावकार नदीच्या खालच्या अंगाला राहतात आणि ते वसुलीला येत नाहीत, इतकेच.

नाग नदीच्या शुद्धीकरणाची 1,900 कोटींहून अधिक खर्चाची योजना केंद्राने 2022 साली मंजूर केली. केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 25 आणि महापालिकेचा 15. शिवाय जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जाचा आधार. मला ही योजना हवीच आहे. जमिनीखालचे नळ आपली नातवंडेही वापरणार. तेव्हा हप्त्याचा थोडा भार त्यांनी उचलला तर अन्याय नाही. प्रश्न वेगळा आहे. पाळण्यातल्या मुलाच्या नावे कर्ज लिहिताना त्याच्या वतीने वही कोणी वाचावयाची?

ही वही कोणीच न वाचल्यास काय होते, ते अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या जेफर्सन कौंटीने दाखवले. 1996 साली तिने गटारे सुधारण्याचे न्यायालयापुढे कबूल केले. त्यासाठी तीन अब्ज डॉलरांवर कर्ज झाले; व्याजाचे करार असे गुंतागुंतीचे की सामान्याला उमगू नयेत; मधल्या मध्ये लाच खाणारे तुरुंगात गेले आणि 2011 साली कौंटीने दिवाळे जाहीर केले. वाढलेली बिले मात्र गरिबांच्या घरी येतच राहिली. तेथे बुडवले ते गटाराने नव्हे, अंधाराने.

आपल्याकडे अंधार निराळ्या वाटेने येतो. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. प्रशासक कितीही कर्तबगार असो, ज्याला मत मागायला यायचे नाही त्याला प्रश्न विचारायचे कसे? 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, त्या याचसाठी. कर्ज किती, हप्ता किती, कोणती गल्ली जोडली, कोणती राहिली, एवढे चार आकडे दर तिमाहीस समितीपुढे मोठ्याने वाचले जावेत आणि झोन कचेरीच्या फळ्यावर लागावेत.

सामान्य माणसाला यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. करारातली कलमे नसतील कळत. पण आपल्या दारचे चेंबर कधी तुंबते, हे टोकियोला किंवा मंत्रालयाला कळण्याआधी आळीतल्या काकूंना कळते. महिन्याच्या दूध-किराण्याचा हिशेब पैशापर्यंत जुळवणारी बाई तीन वर्षांत न संपलेल्या कामाचे बिल सहज ओळखेल.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे वहीला हळदकुंकू वाहतात. त्यासाठी वही आधी उघडावी लागते. शहराची वहीही अशीच उघडलेली असेल, तर चौथे ऋण फेडता येईल. आणि गोसीखुर्दच्या ढिवराला तोंड दाखवायलाही आपल्याला लाज वाटणार नाही.