न पाहण्याचें वचन

आपली पेटी दुसऱ्याच्या घरीं ठेवावयाची झाली म्हणजे आपण प्रथम त्या गृहस्थाचें शील पाहतों, आणि मग कुलूप. संगणकांच्या जगांत हा प्रसंग आतां क्षणोक्षणीं घडतो. एका मोठ्या संगणकाच्या पोटांत कितीतरी आभासी संगणक चालत असतात. कोणाच्या पेढीचे हिशेब, कोणाच्या दुखण्याचे कागद त्यांत असतात. मोठा तो यजमान, आंतले ते अतिथि. हीं नांवें त्या शास्त्रांतील मंडळींनींच योजिलीं आहेत, आणि तीं आम्हांस मार्मिक वाटतात. कारण अतिथीच्या स्मृतींतील अक्षर न् अक्षर यजमानास वाचतां येत असे. तो वाचीत नसे, हा केवळ त्याचा चांगुलपणा.

लिनक्सच्या कर्नलमध्यें, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यांत, असे अतिथि सांभाळणारा केव्हीएम हा भाग २००७ सालीं आला. मार्च २०२४ मध्यें निघालेल्या ६.८ या आवृत्तींत त्यांत ‘गेस्ट-मेमएफडी’ नांवाची सोय दाखल झाली. तिच्या त्या पहिल्या रूपांत अतिथीची खासगी स्मृति यजमानाच्या प्रोग्रॅमांस आपल्या पत्त्यांत मांडून घेतां येत नाहीं, कीं डिस्कवर उतरवितां येत नाहीं. यजमान अतिथीस घराबाहेर काढूं शकतो. त्याची पेटी उघडूं शकत नाहीं. हा निव्वळ परोपकार होता असें मात्र कोणी समजूं नये. इंटेलच्या टीडीएक्स पद्धतींत ती स्मृति गूढलिपींत असते. तींत यजमानाच्या एखाद्या प्रोग्रॅमानें चुकून लिहिलें, तर सबंध यंत्रच कोसळण्याची भीति होती.

कोणी म्हणेल, ज्याला चोरी करतांच येत नाहीं त्याच्या सचोटीची थोरवी ती काय? आक्षेप रास्त आहे. पण येथें सचोटी नाहींशी झालेली नाहीं. ती यजमानाकडून निघून कुलूप घडविणाऱ्याकडे, आणि त्याहूनही अधिक तें कुलूप पारखणाऱ्याकडे गेली आहे. ही पारख मोठी विलक्षण. एखादी गोष्ट घडते कीं नाहीं हें कोड चालवून पाहतां येतें. ती कधींच घडत नाहीं हें कसें पाहावें? परीक्षकाला चोराचें डोकें घेऊन घरभर हिंडावें लागतें. अतिथि एखादें पान सामायिक म्हणून खुलें करतो आणि पुन्हां खासगी करून घेतो. त्या मधल्या क्षणीं कोणाचा हात तेथें राहून गेला काय? हा विचार २०२१ पासून चालला होता आणि त्याचें रूप अनेकदां बदललें, याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं.

परीक्षकाच्या सहीचा अर्थ कर्नलच्या नियमांत लिहून ठेवलेला आहे. आपण काम तपासलें, तें घेण्याजोगें वाटलें, आपल्या शंका कर्त्यास कळविल्या, एवढेंच ती सही सांगते. काम आपला हेतु पार पाडीलच अशी हमी ती देत नाहीं. प्रथमदर्शनीं ही पळवाट वाटते. आमच्या मतें हा प्रामाणिकपणा आहे, कारण कोणाही माणसाला याहून अधिक सांगतां येणें शक्य नाहीं. मात्र हमी दिली नाहीं म्हणून जबाबदारी हलकी होते, हें आम्हांस मान्य नाहीं. टीडीएक्समध्यें परीक्षकाची नजर चुकली तरी गूढलिपी पाठीशीं उभी असते. अँड्रॉइडच्या पीकेव्हीएम पद्धतींत तसा आधार नाहीं. तेथें यजमानाचा हात अडवावयाचा तो कोणीतरी लिहिलेल्या आणि कोणीतरी वाचलेल्या कोडनेंच. ज्याच्या खिशांत तो फोन आहे, त्याला या दोघांपैकीं एकाचेंही नांव ठाऊक नसतें.