कानाचें भूषण कसें निवडावें?

(शास्त्रपाठ: उत्पत्ति २४:२२, निर्गम ३२:२-३ व ३५:२२, १ पेत्र ३:३-४)



लेकीचे कान टोंचावयाचे ठरलें कीं घरांत प्रश्न उभा राहतो: कानांत घालावें काय? आजीस कुडी हवी असते, मावशीस बुगडी, आणि जत्रेंत तर झगझगीत झुबे स्वस्तांत मिळतात. कोणी म्हणतो, ख्रिस्ती मुलीनें कांहींच घालूं नये. याविषयीं पवित्र शास्त्र काय शिकवितें तें पाहूं.

अब्राहामाच्या सेवकानें रिबकेस सोन्याची नथ दिली. तिचें वजन अर्धा शेकेल, म्हणजे आपल्या मापानें सुमारें अर्धा तोळा होतें. परंतु त्यापूर्वीं तिनें परक्याच्या तहानलेल्या उंटांस पाणी काढून पाजिलें होतें. पुढें रानांत इस्राएल लोकांनीं कानांतलीं कुंडलें काढून दिलीं, व अहरोनानें त्यांचें वासरूं घडविलें. त्याच लोकांनीं नंतर निवासमंडपासाठींही आपले दागिने संतोषानें आणिले. सोनें तेंच, मन मात्र निराळें. यास्तव दागिना स्वतः पाप नव्हे व पुण्यही नव्हे. तो आपण कशासाठीं निवडितों हें देव पाहतो.

तर निवडतांना तीन गोष्टी विचारा.

पहिली, हें शरीरास सोसेल काय? शरीर हें देवाचें मंदिर होय. ज्यास बाजारांत जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यांत चांदी मुळींच नसते; तें तांबें, जस्त व निकेल यांचें मिश्रण आहे. निकेलानें पुष्कळांच्या कानास खाज सुटते व पाणी वाहतें. ही पीडा एकदां जडली कीं बहुधा जन्मभर राहते. नव्या छिद्रांत चांगल्या सोन्याची बारीक तार किंवा टायटॅनियमची लहान चमकी बरी. सुई नवी व निर्जंतुक असावी. कानाची पाळी दीड-दोन महिन्यांत भरून येते, पण बुगडीसाठीं वरचा कठीण भाग टोंचल्यास कित्येक महिने लागतात. म्हणून लहान लेकरास बुगडीची घाई नको. जड झुब्यांनीं पाळी ओघळते; वेल लावून भार केसांवर घेण्याची जुनी रीत शहाणपणाची होती.

दुसरी, हें खरें आहे काय? २२ कॅरट सोन्यावर ९१६ हा आंकडा असतो. सन २०२१ पासून असा छाप टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला, परंतु २ ग्रॅमहून हलक्या दागिन्यास ही सक्ती नाहीं. तेव्हां लहान चमकी घेतांनाही पावती मागून घ्यावी.

तिसरी, हें घरास झेपेल काय? शेजारणीच्या नथीची बरोबरी करावयास बियाण्याचा पैसा गेला, किंवा सावकाराचें कर्ज झालें, तर तो दागिना लेकीच्या कानांत नव्हे, बापाच्या गळ्यांत पडतो.

आणि मंडळीनें एक विसरूं नये. जिच्या कानांत केवळ कडुलिंबाची काडी आहे, अशा मुलीस उपासनेंत मागें बसावेसें वाटूं लागलें, तर उणीव तिच्या कानांत नव्हे, आपल्या दृष्टींत आहे. प्रेषित पेत्र ज्या भूषणाविषयीं सांगतो तें सौम्य व शांत आत्म्याचें आहे. त्यास वजन नाहीं, छाप नाहीं, कर्जही नाहीं. आणि तें गरिबाच्या लेकीसही पूर्ण शोभतें.

असें भूषण निवडावयास प्रभु आपणां सर्वांस सुज्ञता देवो. आमेन.